तुरुंगात न गेल्याचा आळ

सत्तर वर्षांच्या आयुष्यात माझ्यावर चोरीचा आळ आला नाही, दारूचा आला नाही. दुसऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरल्याचा येणं तर शक्यच नव्हतं, कारण मला शेतच नाही. पण ‘हा माणूस तुरुंगात गेलाच नव्हता’ असा आळ मात्र माझ्यावर भर दुपारी, आंधळगावच्या विणकर सोसायटीच्या ओसरीवर, चार माणसांदेखत आला. तो धुऊन काढायला मला दोन जिल्हे आणि एक अमेरिका फिरावी लागली.

झालं असं. सोसायटीला पन्नास वर्षं झाली म्हणून इमारतीला निळा रंग दिला. रंग थोडा उरला. उरलेल्या रंगाचं काय करायचं यावर सभा झाली आणि ओसरीच्या भिंतीवर नावं लिहायची ठरली. ‘सूत आंदोलनात कारावास भोगलेले अकरा विणकर.’ अठ्ठ्याहत्तर साली सूत मिळत नव्हतं, एकेक माग बंद पडत होता, तेव्हा सोसायटीनं तिरोड्याकडच्या रस्त्यावर बसायचं ठरवलं. आम्ही अकराजण बसलो. आम्हाला उचललं, अकरा दिवस भंडाऱ्याच्या तुरुंगात ठेवलं आणि सोडलं. सूत त्यानंतरही आलं नाही, पण तो वेगळा विषय आहे.

मी अक्षरं उशिरा शिकलो. खरं तर पहिली चार त्या अकरा दिवसांतच शिकलो. सरकारनं माझ्यासाठी काढलेली ती एकच शाळा. बपेऱ्याचा सुकलाल नावाचा एक कैदी होता, सागवान तोडून आलेला. तो विटेच्या तुकड्यानं फरशीवर माझं नाव लिहायचा आणि मी ते गिरवायचो. अक्षरं उशिरा आली की वाचताना बोट लागतं. भिंतीवरची नावं मी बोट लावून वाचली. रंग ओला होता. नावं वाचून झाली तेव्हा माझं बोट निळं झालं होतं आणि माझं नाव मिळालेलं नव्हतं.

वरून खाली वाचलं. खालून वर वाचलं. सातव्या नंबरावर नाव होतं तुलाराम ढकाते.

तुलाराम माझा जुना दोस्त. माझ्याजवळ स्वतःचा माग कधीच नव्हता. बारा वर्षं मी त्याच्या मागावर मजुरीनं विणलं. माग त्याचा, हात माझे. माणूस चांगला. पण ज्या दिवशी आम्हाला उचललं त्या दिवशी तुलाराम मेहुण्याच्या लग्नात बुंदी वाढत होता, आणि पुढचे अकरा दिवस सासुरवाडीलाच होता. हे मला माहीत होतं, कारण परत आल्यावर त्यानं मला बुंदी आणून दिली होती.

मी केवळराम निपाणेकडे गेलो. केवळराम तेव्हाही सोसायटीचा सचिव होता, आजही आहे. वय पंच्याऐंशी. माणसापेक्षा कागदावर भरवसा.

“केवळराम, मायं नाव काहून नाई भिंतीवर?”

“यादीत नाई म्हणून.”

“अरे, तू मायाच बाजूले झोपत होता गा! अकरा दिवस तुयं घोरणं ऐकलं मी!”

“बाजूले कोणीतरी होता खरा,” केवळराम म्हणाला. “एकतीस वर्सं झाले बाप्पा. मले सकाळी काय खाल्लं ते आठवत नाई. यादी जुनी होय, मायाच हातची. कागद आण टिकाराम. सरकारी कागद आण, मी रंगाऱ्याले बोलावतो.”

साक्षीदार काढायला गेलो तर तेही नाहीत. बाकीच्या नऊपैकी सहाजण वर गेले, दोघं सुरतेला गेले. दोन्हीकडून पत्र येत नाही. एकजण गावात आहे, पण त्याला स्वतःचंच नाव आठवत नाही, माझं कुठून आठवावं?

इतक्यात तुलाराम ओसरीवर आला आणि लोकांना तुरुंगातल्या गोष्टी सांगू लागला. खिचडीतल्या खड्यांची, अंगणातल्या लिंबाच्या झाडाची, शिट्टी वाजवत फिरणाऱ्या लंगड्या शिपायाची. सगळ्या गोष्टी माझ्या. मीच त्याला मागावर बसून वर्षानुवर्षं सांगितलेल्या. आणि मला कबूल करायला हवं, तो त्या माझ्यापेक्षा चांगल्या सांगत होता. लंगडा शिपाई मी कधी चालून दाखवला नव्हता. तुलारामनं दाखवला. लोक हसले. मीही हसलो, मग आठवलं की आपण रागावलेलो आहोत.

घरी आलो. शकुनबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, निळं बोट पाहिलं.

“लोकं तुरुंगात गेलेलं लपवतात,” ती म्हणाली. “तुमी हुडकून राहिले.”

“इज्जतीचा सवाल आहे.”

“अकरा दिवस तुमी तिकडं बसून खाल्लं. इकडं मी एकटीनं सुताच्या कांड्या भरल्या, दुसऱ्याच्या घरी. ते कोणत्या भिंतीवर लिवलं?”

मी चप्पल घातली आणि अमरच्या दुकानात गेलो.

अमर आमच्या शेजारचा. फोटोकॉपीचं दुकान आहे, त्यात एक कम्प्युटर आहे आणि त्यामुळे अमरला सगळं माहीत असतं. “काकाजी, कायले फिरता? आता कैद्यांच्या याद्या नेटवर राहतात. नाव टाका, माणूस हाजिर.” त्यानं इंग्रजीत काहीतरी टाकलं आणि खरोखरच यादी निघाली. फोटोसकट! एकेक गोरा माणूस, नारिंगी कपडे, केस विस्कटलेले. खाली नाव, वय, उंची, कधी धरला, काय केलं, सगळं छापलेलं.

“हे भंडारा होय?” मी विचारलं.

अमरनं पडद्याला नाक लावलं. “अमेरिका दिसते काकाजी.”

तरी आम्ही यादी शेवटपर्यंत पाहिली. बारापात्रे आडनावाचा एकही निघाला नाही. मला मात्र त्या लोकांचा हेवा वाटला. काल धरला की आज फोटो जगभर. उद्या कोणी म्हणालं की तू तुरुंगात नव्हतास, तर तो माणूस छाती काढून पडद्याकडे बोट दाखवू शकतो. अमरनं कुठंतरी भलतंच बटण दाबलं, आणि पुढचा पंधरवडा त्याच्या कम्प्युटरवर अमेरिकेतले वकील विचारत होते की तुमच्या माणसाला जामीन पाहिजे का. एवढ्या आपुलकीनं माझी चौकशी या साऱ्या प्रकरणात दुसऱ्या कोणी केली नाही.

मग मी गावच्या पोलीस ठाण्यात गेलो. टेबलाशी तरुण शिपाई होता.

“अटकेचा कागद पाहिजे होता साहेब.”

“कोणाच्या अटकेचा?”

“माया.”

त्यानं मला खालून वर पाहिलं. “कवा झाली अटक?”

“एकतीस वर्सं झाले.”

“मंग आतापर्यंत कुठं होते तुमी?”

“घरीच होतो.”

हे उत्तर त्याला आवडलं नसावं. “बसा,” म्हणाला, आणि आतल्या खोलीत जाऊन फोन फिरवू लागला. मला अर्धवट ऐकू येत होतं. ‘फरार’ हा शब्द दोनदा ऐकू आला. मी दारासमोरच्या बाकावर तीन तास बसलो. चहा मिळाला, तो चांगला होता. शेवटी कुठूनतरी उत्तर आलं की माझ्या नावावर काहीच नाही. शिपायानं माझं अभिनंदन केलं आणि घरी जायला सांगितलं.

पण तोवर आमची शेजारीण ताराबाई दळण घेऊन रस्त्यानं गेली होती. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. दारात सात-आठ बाया, शकुनबाई मधे बसलेली आणि ताराबाई तिला धीर देत होती, “रडू नोको वो बाई. या वयात जास्त मारत नाई म्हणतात.” शकुनबाई रडत नव्हती, ती तांदूळ निवडत होती. पण मला पाहून बायांची जी निराशा झाली ती मी विसरणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला पक्कं माहीत होतं की टिकाराम बारापात्रेला पोलिसांनी धरलं होतं. जी अटक झालीच नाही तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. जी झाली तिला कागद पाहिजे.

केवळरामला मी हेही सांगून पाहिलं. तो म्हणाला, “ही अटक दोन हजार नवाची झाली गा. आपल्याले अठ्ठ्याहत्तरची पायजे.”

आता पाळी आली ज्या ठाण्यानं आम्हाला उचललं होतं त्याची. तो रस्ता तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. नव्याण्णव साली जिल्हा फुटला आणि ते ठाणं गोंदिया जिल्ह्यात गेलं. दोन एस्ट्या बदलून पोचलो. तिथल्या बाबूनं सांगितलं, “तुमचं काम जुनं आहे काकाजी. तवा आमी भंडाऱ्यात होतो. दफ्तर तिकडंच राहिलं असन.” भंडाऱ्यात आलो. तिथले बाबू म्हणाले, “ठाणं तिकडं गेलं तं ठाण्याचे गुन्हे बी तिकडंच गेले.” म्हणजे गुन्हा मी भंडारा जिल्ह्यात केला होता, आणि माझं लक्ष नसताना तो गोंदिया जिल्ह्यात निघून गेला. पोरगी सासरी जाते तेव्हा बापाला निदान सांगतात तरी.

अमर म्हणाला, “माहितीचा अधिकार लावा.” तो नवीनच आला होता आणि गावात ज्याला त्याला लावायची घाई होती. अर्ज मी स्वतःच्या हातानं लिहिला. एक पान लिहायला दोन दिवस लागले, कारण मला रेघेवर चालायची सवय मागावर आहे, कागदावर नाही. महिन्यानं एका कचेरीतून उत्तर आलं. मागितलेली माहिती दुसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती असल्यानं सदर व्यक्तीचं संमतीपत्र जोडावं.

“सदर व्यक्ती मीच होय ना गा!” मी अमरला म्हणालो.

“मंग अडचण काय? संमती द्या.”

मी दिली. ‘मी टिकाराम बारापात्रे, श्री. टिकाराम बारापात्रे यांना माझी माहिती पाहण्यास राजीखुशीनं संमती देतो.’ खाली दोघांच्या सह्या केल्या. दुसरी सही थोडी वेगळी काढावी का, यावर बराच विचार केला होता. शेवटी दोन्ही सारख्याच आल्या. यावर जे उत्तर आलं ते मात्र सरळ होतं. अमुक तारखेला तुरुंगाच्या कार्यालयात येऊन जुनी नोंदवही पाहावी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सरकारी गाडीनं नेलं होतं आणि फाटक आपणहून उघडलं होतं. या वेळी एसटीनं गेलो आणि फाटकावर ओळखपत्र मागितलं. आत रंजिता मॅडम म्हणून कारकून होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी लाल कापडात बांधलेली वही आधीच काढून ठेवली होती. मी तीन महिने जी हुडकत होतो ती नोंद त्यांना दहा मिनिटांत सापडली.

“अकरा माणसं आंधळगावची. बरोबर ना काका? हा केवळराम निपाणे. हे बाकीचे. बारापात्रे... बारापात्रे कोणी नाही.”

“नीट पाहा माय.”

“सात नंबरला तुलाराम ढकाते आहे.”

माझा चेहरा उतरला असावा. मॅडमनी पाणी दिलं. सरकार, सोसायटी आणि तुलाराम तिघंही एकीकडे आणि मी एकटा दुसरीकडे. एक क्षण मलाच शंका आली, आपणच बुंदी वाढत होतो की काय.

मग मॅडम सहज म्हणाल्या, “इथं रोज सकाळी नावं पुकारायचे. तुम्ही कोणत्या नावाला ओ देत होता?”

आणि माझ्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं.

सोसायटीची एक पद्धत होती. दर महिन्याला सूत वाटायचे तेव्हा केवळराम यादी घेऊन उभा राहायचा आणि मागाच्या मालकाचं नाव पुकारायचा. ज्यानं मजूर ठेवला तो मालक रांगेत कशाला येतो? येणार मजुरीवर विणणारा. मालकाचं नाव आलं की विणणाऱ्यानं ‘हजर’ म्हणायचं आणि पेटी उचलायची. बारा वर्षं मी ‘तुलाराम ढकाते’ला ‘हजर’ म्हणत आलो होतो. आंदोलनात दर मागामागे एक माणूस द्यायचा असं ठरलं होतं. यादी तीच, सुताची. रस्त्यावर साहेबापुढे केवळरामनं ती वाचली, सातवं नाव आलं, आणि मी ‘हजर’ म्हणालो. कोर्टात म्हणालो. तुरुंगात अकरा दिवस रोज सकाळी म्हणालो. यात खोटं बोलतोय असं माझ्या मनातही आलं नाही. ते तुलारामचं नाव आहे असंही मनात आलं नाही. तो मागाचा नंबर होता, आणि माग मी चालवत होतो.

मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पान उलटलं.

“काका, हे सुटकेचं पान. आत येताना सात नंबरनं अंगठा दिलाय. बाहेर जाताना मात्र सही आहे. वाचा बरं.”

मी बोट पुढे केलं. “वहीला हात लावू देत नाहीत,” त्या म्हणाल्या आणि मान वर करून पंख्याकडे पाहू लागल्या. पंखा बराच वेळ पाहत होत्या.

तुलाराम ढकाते या नावासमोरच्या रकान्यात, रकान्याबाहेर अर्धं गेलेलं, एकेक अक्षर वेगळ्या उंचीचं, लिहिलं होतं: टिकाराम. सुकलालनं शिकवलेली चार अक्षरं. मी कागदावर लिहिलेलं पहिलं नाव. त्या दिवशी सही घेणाऱ्यानं पाहिलं नसेल. त्याला पुढचे चारजण सोडायचे होते.

“नक्कल देऊ शकते,” मॅडम म्हणाल्या. “शिक्का मारून. पण ज्याला दाखवाल तो पहिलं हेच विचारेल की नाव एकाचं आणि सही दुसऱ्याची कशी. मग तुमच्या दोस्तालाही विचारतील.”

“म्हणजे मी तुरुंगात होतो हे दाखवाले गेलो तं पुन्हा यायची पाळी?”

“एवढं नाही होणार. पण कागद फिरत राहील.”

कागद कसा फिरतो ते मी तीन महिने पाहिलं होतं. वही परत लाल कापडात गेली.

घरी आल्यावर शकुनबाईनं विचारलं, “भेटलं?”

“भेटलं.”

“मंग कागद?”

“तिथंच ठेवला.”

त्या दिवशी तिनं न मागता दुसऱ्यांदा वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुलाराम आला. ओट्यावर बसला, उठला, पुन्हा बसला.

“टिकाराम, तू तुरुंगातली वही पाहून आला म्हणतात.”

“हो.”

“मंग सांग बाबू. मी गेलो होतो का नाई?”

मला वाटलं थट्टा करतो. पण तो हसत नव्हता. “खरं सांगू? मले आता समजत नाई. पहिले केवळरामनं यादी वाचली तवा मी चूप राहिलो. मंग गोष्टी सांगत गेलो. आता मले तो लिंब दिसते गा डोळे मिटले की. सून पाहुण्यायले भिंत दाखवते. आता कागद निघाला आन मी खोटा ठरलो, तं या वयात तोंड कुठं लपवू?”

तीन महिने मी या क्षणाची वाट पाहत होतो. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. त्यात बुंदीचा उल्लेख दोनदा होता.

“वहीत तुयंच नाव आहे,” मी म्हणालो. “सात नंबर.”

त्यानं मोठा श्वास सोडला. पण माझ्याकडे पाहिलं नाही आणि लवकर उठूनही गेला.

सोसायटीचा पन्नाशीचा कार्यक्रम रविवारी झाला. मांडव, सतरंजी, पाहुणे. कारावास भोगलेल्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना शाल द्यायची होती. मी शेवटच्या रांगेत बसलो, गप्प बसायचं ठरवून. पुढच्या रांगेत तुलाराम, धुतलेल्या टोपीत. केवळराम उभा राहिला. चष्मा नाकावर, हातात तीच जुनी यादी, आणि तोच सुताच्या दिवसाचा सूर. एक नंबर. दोन नंबर. मेलेल्यांची पोरं उठून शाल घेऊन जात होती.

“सात नंबर! तुलाराम ढकाते!”

“हजर!”

कोण ओरडलं ते पाहायला मी मान वळवली, तर सगळे माझ्याकडेच पाहत होते. आणि मी उभा होतो.

पुढे तुलारामही अर्धा उठलेला. तो तसाच वाकून थांबला. आधी ताराबाई हसली, मग सगळा मांडव हसू लागला. माझ्या इज्जतीचं जे काही उरलं होतं तेही त्या हसण्यात गेलं. मी खाली बसणार, इतक्यात केवळरामनं चष्मा काढला.

“थांब,” तो म्हणाला. “पुन्हा म्हण.”

“काय?”

“जे म्हणलं ते.”

“हजर,” मी म्हणालो.

“हाच!” केवळराम पाहुण्यांकडे वळला. “हाच आवाज बाप्पा. अकरा दिवस मायाच कानाजवळ. सात नंबर हाच होता!”

आता सगळे तुलारामकडे पाहू लागले. तो सरळ झाला. टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं, आता हा काहीतरी गोष्ट सांगणार.

“जाय ना गा टिकाराम,” तो म्हणाला. “बारा वर्सं मायं सूत तूच आणत होता. हेबी आण.”

मी पुढे गेलो. शाल अंगावर पडली. केवळरामनं सह्यांची वही सरकवली. कागदाशिवाय तो शाल सोडणार नव्हता. नाव यादीप्रमाणे आधीच लिहिलेलं होतं: तुलाराम ढकाते. समोरचा रकाना रिकामा. मी पेन घेतलं आणि सावकाश सही केली. टिकाराम. या वेळी रकान्यात मावली.

भिंतीवर नाव अजून तुलारामचंच आहे. रंग संपला.

घरी शकुनबाईनं शाल हातात घेतली. कडेला दोन बोटांत चोळून पाहिली. आमच्या घरात कापड असंच पाहतात.

“पावरलूम होय,” ती म्हणाली. “हातमागाच्या सोसायटीनं देल्ली.”

आणि मी काही बोलायच्या आत ती तिनं स्वतःच्या खांद्यावर घेतली, पदर वरून सारखा केला आणि चुलीकडे गेली. मी हरकत घेतली नाही. कांड्या तिनं भरल्या होत्या.